गवताचा हिशेब

जगात अगदी फुकट उगवणारी वस्तू म्हणजे गवत, अशी माझी वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत ठाम समजूत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ते नको नको म्हटलं तरी उगवायचं. उन्हाळ्यात नांगरट झाली की वडील आम्हां भावंडांना हरळीच्या काशा वेचायला रानात नेत. काळ्या मातीत खोल गेलेली ती काशी ओढली की निम्मी हातात येई आणि निम्मी पुढच्या वर्षासाठी जमिनीत राही. वडील म्हणत, "हरळी आणि भाऊबंदकी, मुळासकट कुणाची निघाली आहे?"

अशा घराण्यातला मी २०२५ च्या एप्रिलमध्ये सहकुटुंब अमेरिकेला मुलाकडे गेलो आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की तिथं लोक गवत पेरतात. पेरतात म्हणजे बी विकत आणून पेरतात. त्याला खत घालतात, पाणी घालतात, आणि इतकं कोडकौतुक करून ते वीतभरसुद्धा वाढायच्या आत कापून टाकतात. बरं, कापलेलं खायला दारात गाय नाही, म्हैस नाही, साधी शेळीसुद्धा नाही. मी चिरंजिवांना विचारलं, "अरे, मग हे कशासाठी?" तो म्हणाला, "बाबा, लॉन आहे ते." हे उत्तर आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

चिरंजीव नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रालीजवळच्या कॅरी या गावी राहतात. प्लॉट पाव एकराचा, म्हणजे बरोबर दहा गुंठे. घर, झाडं आणि गाडीचा रस्ता वजा जाता सहा गुंठे गवत उरतं. गावाकडे सहा गुंठ्यांत शहाणा माणूस घरची मेथी, वांगी आणि वर्षाचा लसूण काढतो. इथं शहाणा माणूस शनिवारी सकाळी त्यातून नुसता चालतो. पुढं एकवीस इंच रुंदीचं यंत्र आणि मागं तो. मी कागद घेऊन हिशेब केला. एकवीस-एकवीस इंचांच्या पट्ट्यांनी सहा गुंठे कापायचे, तर वळणं धरून सव्वा किलोमीटर चाल होते. एवढ्या प्रदक्षिणा देवाला घातल्या असत्या तर काही पदरात तरी पडलं असतं.

या उपद्व्यापाचं मूळ एका इंग्रजाकडे जातं. त्याचं नाव एडविन बडिंग. इंग्लंडात स्ट्राउडच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि कापडावरची लव कातरायला तिथं फिरत्या पात्यांचं यंत्र असे. ते बघून बडिंगच्या मनात आलं, की कापडाची लव निघते तर जमिनीची का निघू नये? १८३० मध्ये त्यानं गवतकापणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकांनी वेड्यात काढू नये म्हणून तो हे यंत्र रात्री चालवून बघत असे, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मला ती मनापासून पटते.

तर प्रश्न असा होता, की चिरंजिवांचं यंत्र म्हातारं झालं होतं. घर घेतलं तेव्हा दुकानातलं सगळ्यांत स्वस्त म्हणून घेतलेलं. खालचा पत्रा गंजून त्याला भोकं पडलेली, दांडा सुतळीनं बांधलेला, आणि सुरू करायची दोरी अशी, की सात हिसके मारल्याशिवाय इंजिन हुंकारसुद्धा देत नसे. आता नवं घ्यायचं तर दोन मार्ग होते. तीनशे डॉलरचं साधं यंत्र, किंवा हजार डॉलरचं उंची.

मी छत्तीस वर्षं सरकारी लेखा विभागात काढली आहेत. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून मी प्रत्येक वस्तूला पंच्याऐंशीनं गुणत होतो. हजार डॉलर म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपये! आमच्या लग्नाचा सगळा खर्च, जेवणावळीसकट, त्याच्या दहाव्या हिश्शात बसला होता. मी म्हटलं, "अरे, पंच्याऐंशी हजारांत असं काय करतं हे यंत्र?"

या प्रश्नाचं उत्तर पलीकडच्या घरातल्या आजोबांनी दिलं. वय ऐंशीच्या घरात, मान ताठ आणि गवत त्याहून ताठ. त्यांच्याकडे होंडाचं जुनं यंत्र होतं. तासाभराच्या वाटेवर स्वेप्सनव्हिल इथं होंडा ही यंत्रं करत असे. २०२३ मध्ये कंपनीनं तिथं ती करणं बंद केलं. आजोबा ही हकिगत घरातलं माणूस गेल्यासारखी सांगत. त्यांनी आमच्या यंत्राच्या प्लगची वायर आधी काढून ठेवली, मग ते आडवं केलं आणि पात्यावरून बोट फिरवलं. माझ्याही बोटाला फिरवायला लावलं. पातं कसलं, आमटीचा डाव होता तो!

ते म्हणाले, पातं बोथट असलं की गवत कापलं जात नाही, फाटतं. मग त्याची टोकं तपकिरी पडतात आणि माणूस खताच्या पिशव्या आणत सुटतो. पातं कानशीनं घासा, तेल वेळेवर बदला, हिवाळ्यात टाकीत पेट्रोल शिळं करू नका, कारण त्याचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो, आणि एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग कापू नका. एवढं केलं तर साधं यंत्रही बरीच वर्षं नांदतं.

मला तर या गृहस्थांना मिठी मारावीशी वाटली. ज्यात एक पैसा खर्च नाही असा सल्ला मी फार दिवसांनी ऐकत होतो. मी विजयी मुद्रेनं चिरंजिवांकडे पाहिलं. पण आजोबांचं बोलणं संपलं नव्हतं.

महाग यंत्राची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, आपण फक्त मागून चालायचं. त्याचं खालचं भांडं ॲल्युमिनियमचं नाही तर चांगल्या जाड प्लॅस्टिकचंही असू शकतं, मुद्दा एवढाच की ओलं गवत चिकटून ते कुजत नाही. कापलेलं गवत ते इतकं बारीक करतं, की तेच जमिनीत मुरून खत होतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचा क्लच. अमेरिकेत १९८२ पासून कायदा आहे, की दांडा सोडला की तीन सेकंदांच्या आत पातं थांबलं पाहिजे. स्वस्त यंत्र हा कायदा पाळण्यासाठी इंजिनच बंद करतं. महाग यंत्र नुसतं पातं थांबवतं आणि इंजिन चालू ठेवतं. म्हणजे वाटेत आलेली काटकी उचलायला माणूस थांबला, तर त्याला पुन्हा दोरी ओढावी लागत नाही.

"काटकी उचलायचे सातशे डॉलर!" मी मराठीत म्हणालो. आजोबा हसले. त्यांना वाटलं मी आभार मानले.

बॅटरीवरच्या यंत्राचाही विचार झाला. बटण दाबलं की सुरू, आवाज कमी, धूर नाही. पण बॅटरी पुढंमागं म्हातारी होते, आणि नव्या बॅटरीची किंमत ऐकून आपण म्हातारे होतो.

त्या रात्री मी वही काढली. तीनशेचं यंत्र चार वर्षं चाललं आणि वर्षाला २८ कापण्या धरल्या तर ११२ कापण्या. दर कापणीला २ डॉलर ६८ सेंट. हजाराचं दहा वर्षं चाललं तर २८० कापण्या. दर कापणीला ३ डॉलर ५७ सेंट. फरक ८९ सेंटांचा, म्हणजे दर शनिवारी सुमारे ७६ रुपये अक्षरशः गवतात! वही घेऊन मी चिरंजिवांकडे गेलो, तर ते संगणकावर हाच तक्ता मांडून बसलेले. आकडे तेच, रकाने तेच, खाली दुहेरी रेघसुद्धा तीच. रक्त म्हणतात ते हेच! फक्त त्याच्या तक्त्यात एक रकाना जास्त होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'वेळ'. चाकं आपोआप फिरली तर कापणीमागं वीस मिनिटं वाचतात, म्हणजे वर्षाला नऊ तास वीस मिनिटं.

"आणि त्या नऊ तासांत तू काय करणार?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "बघू."

मराठी मध्यमवर्गाचे सगळे मोठे निर्णय या एका शब्दात झालेले आहेत. 'बघू' म्हणजे नाही, पण सभ्यपणे. मी समाधानानं झोपलो.

साधं यंत्रही पुरतं, हे सप्रमाण सिद्ध करावं असं मात्र मला वाटू लागलं. पुढच्या शुक्रवारी मुलगा आणि सूनबाई कामावर गेल्यावर मी पातं कानशीनं घासलं (प्लगची वायर काढून, हे सुज्ञांस सांगणे न लगे), वायर पुन्हा लावली आणि कापणीला आरंभ केला. पुढच्या अंगणात सगळं झकास झालं. घराच्या मागं मात्र जमीन ओढ्याकडे उतरते. तिथं उतारावर आडवं चालायचं असतं, एवढं आजोबांनी सांगितलं होतं. यंत्र सारखं खाली ओढ घेत होतं आणि मी त्याला वर ढकलत होतो. तेवढ्यात गवतात नातीची बाहुली दिसली. मी दांडा सोडला. इंजिन कायद्याप्रमाणे बंद पडलं. बाहुली उचलली, दोरी ओढली. एक, दोन, तीन, चार. पुढं पाण्याचा पाइप आला. पुन्हा दांडा, पुन्हा दोरी. मग काटकी. मग नातीचा एक बूट. सहाव्या वेळी सहाव्या हिसक्याला माझा हात वर येईना. मी तिथंच उतारावर गवतात बसलो. छातीत धडधडत होतं आणि समोर ती गंजकी ब्याद थंड उभी होती.

नात आधी आली. "आजोबा, तुम्ही पडलात?" मी म्हटलं, "नाही गं, बसलोय." ती धावत आजीला घेऊन आली. हिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, शेजारी बसली आणि मला दम लागायचा थांबेपर्यंत काहीच बोलली नाही. हे लक्षण चांगलं नव्हतं.

मग म्हणाली, "मिक्सरचा हिशेब आठवतो का हो तुम्हांला?"

मला आठवत होता. १९८४ साली हिनं मिक्सर मागितला होता. मी तेव्हाही वहीत रकाने पाडले होते. मिक्सरची किंमत जवळजवळ महिन्याचा पगार, वीज वेगळी, दुरुस्ती वेगळी. उलट पाटा-वरवंटा आईचा, म्हणजे भांडवली खर्च शून्य. शिवाय पाट्यावरच्या चटणीची चव वेगळीच, हा मुद्दा मी शेरा म्हणून खाली लिहिला होता आणि वर म्हणालो होतो, "बघू." ते बघणं १९९१ पर्यंत चाललं. हिचा उजवा खांदा धरला, हात वेणीपर्यंत जाईना, तेव्हा डॉक्टरांनी वाटणघाटण बंद करायला सांगितलं आणि घरात मिक्सर आला.

"सात वर्षं," ही म्हणाली. "रोजची चटणी, शिवाय सणाचं पुरण. तुमच्या त्या वहीत सगळं होतं. माझा खांदा कुठल्या रकान्यात होता?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही उत्तर सुचलं असतं. छत्तीस वर्षं मी लोकांच्या हिशेबातल्या चुका काढल्या. साहेबांनी माझ्या एकाही कागदावर लाल शाईची खूण केली नव्हती. ती खूण घरातच, चाळीस वर्षांनी झाली.

"अगं, तू तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते की. तुम्ही बेरीज करत होतात."

संध्याकाळी अर्धवट भादरलेलं अंगण बघून चिरंजिवांना सगळं समजलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, छातीत दुखत नाही ना?" मग मीच म्हटलं, "ते हजाराचं यंत्र घेऊन टाक. उद्याच जाऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी मागच्या वर्षीच घेणार होतो. पाठ दुखते माझी शनिवारी. पण तुम्ही येणार होतात. म्हटलं, किंमत ऐकून तुम्हांला वाईट वाटेल."

म्हणजे माझा मुलगा वर्षभर, मी आठ हजार मैलांवर असताना, माझ्या वहीला भिऊन गंजकं यंत्र ढकलत होता. माणूस मुलाला काय काय वारशात देतो!

आता यंत्र पैशाला परवडलं का, असं तुम्ही विचाराल. जमीन सपाट असेल, गवत गुंठा-दोन गुंठे असेल आणि पाठ तरुण असेल, तर तीनशेचं यंत्र आणि एक कानस पुष्कळ झाली, हे मी आजही शपथेवर सांगेन. आमचा उतार, आमची दोरी आणि आमच्या पाठी धरल्या, तर ते ८९ सेंट स्वस्त होते. नऊ तास वीस मिनिटांचं काय झालं, तेही मी पाहिलं. शनिवारी कापणी आटोपली की बापलेक सायकल शिकायला बाहेर पडत. मी रकाना पाडायला गेलो नाही.

शेवटचं एक राहिलं. त्या लॉनच्या कुंपणाकडच्या कोपऱ्यात एक वेगळंच बारीक गवत पसरलं होतं. चिरंजीव त्याला बर्म्युडा म्हणत आणि त्यावर फवारायला औषधाची बाटलीही आणून ठेवली होती. ही एकदा फिरत फिरत तिथं गेली, वाकली, आणि ओरडलीच, "अहो, ही तर आपली हरळी!"

आमची जन्माची वैरीण सातासमुद्रापार आमच्या आधी येऊन पोचली होती. बाटली गॅरेजमध्येच राहिली. २७ ऑगस्टला गणपती बसले, तेव्हा हिनं तिथल्याच दूर्वा खुडल्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या केल्या. तेव्हापासून हजार डॉलरचं ते यंत्र सहा गुंठे झोकात फिरतं आणि त्या कोपऱ्याशी आलं की वळसा घालून जातं. तिथं अंगणभर होतील इतक्या दूर्वा माजल्या आहेत, असं परवा चिरंजिवांनी फोनवर सांगितलं.

त्या उपटाव्या का, असं विचारत होता. मी म्हटलं, "बघू."