ठसका आणि वास

मिरचीचे रोप घ्यायला गेलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : "तिखट आहे ना?" आणि रोपे विकणाराही "एक खाल तर कानातनं धूर निघंल!" हे एकच उत्तर तयार ठेवून बसलेला असतो. आंबा घेताना आपण त्याचा रंग बघतो, देठाशी नाक नेतो, साल हलकेच दाबून पाहतो. मिरचीची पारख मात्र या एका शब्दाशी संपते. सोयरीक जुळवताना मुलाची फक्त उंची विचारावी, तसाच हा प्रकार!

गडहिंग्लजजवळच्या आमच्या घरामागे दोन वाफे आणि दहा-बारा कुंड्या मावतील एवढे परस आहे. त्यात मी गेली बारा वर्षे मिरची लावतो आहे. शाळा आणि लेखन यांतून उरलेला वेळ तिथे जातो. या झाडांनी मला शिकवले ते असे, की रंग, वास आणि तिखटपणा या मिरचीच्या घरातल्या तीन सख्ख्या जावा आहेत. एकीचा दुसरीशी संबंध असेलच असे नाही. ब्याडगीचा रंग बघावा तर लाल शालूसारखा, पण तिखटपणा अगदी बेताचा. लवंगी दिसायला लवंगेएवढी, पण जिभेवर ठेवली की सारे घर डोक्यावर घेते. म्हणून जात निवडताना आधी घरातल्या माणसांकडे पाहावे, मग रोपांकडे.

आमच्याकडे पाच जाती आहेत त्या याच हिशेबाने. सौभाग्यवतींना खरड्यासाठी लवंगी हवी. रोजच्या फोडणीला ज्वाला. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेली ही लांब, सुरकुतलेली, टोकाशी वाकलेली मिरची भरपूर लागते आणि कुंडीतही रुसत नाही. मला स्वतःला रश्श्याचा रंग प्रिय, म्हणून ब्याडगीची दोन झाडे. मुलीसाठी ढबू, कारण तिच्या मते तिखट नसलेली मिरची हीच खरी शहाणी मिरची. आणि आईसाठी जवारी. आमच्या भागात 'जवारी' म्हणजे देशी, घरच्या बियांची. बाजारात हिलाच संकेश्वरी म्हणतात. आईचे माहेर संकेश्वरच्या बाजूचे. लग्नानंतर काही वर्षांनी तिने हे बी माहेराहून पदराच्या गाठीला बांधून आणले, आणि तेव्हापासून ते आमच्या घरात पिढी चालवते आहे.

या देशी म्हणवणाऱ्या मिरचीचे मूळ माहेर मात्र अमेरिकेत! कोलंबस १४९२ मध्ये निघाला तो आपल्याकडच्या मिऱ्यांच्या वाटेवर, आणि त्याच्या हाती लागली मिरची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवली. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आपण भक्तीने ऐकतो. पण त्या मांड्यांच्या काळी महाराष्ट्रात एकही मिरची नव्हती. तिखटाला मिरी होती, पिंपळी होती. नव्या पाहुणीला आपण मिऱ्यांवरूनच नाव दिले आणि पाहता पाहता तिला घरची मालकीण करून टाकले. तेव्हा 'देशी' म्हणजे कुठून आलेली हे नव्हे, तर किती वर्षे घरात नांदलेली, हे आपले मी समजतो.

मिरचीची शेती घरच्या परसात काही अवघड नाही. मेअखेर बी टाकावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. पाच-सहा आठवड्यांनी रोपे दीड-दोन फुटांवर लावावीत. पाणी साचू देऊ नये. मिरचीला तहान सोसते, पण पायाशी तळे सोसत नाही. पाने आकसून वाटीसारखी वळू लागली की चुरडा-मुरडा आला असे समजावे. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी हे त्यामागचे उपद्व्यापी. फार बिघडलेले झाड मायेने जपत बसण्यापेक्षा उपटून टाकणे बरे, नाहीतर ते शेजाऱ्यांनाही घेऊन बुडते. बुलबुल मात्र पिकल्या मिरच्या खुशाल गिळतात, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी येत नाही. पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. उलट बी दूरवर टाकण्याचे काम निसर्गाने त्यांच्याकडे दिले आहे.

शेजाऱ्यांचा एक समज असा, की ढबूशेजारी लवंगी लावली की ढबू तिखट होते. तसे होत नाही. झाडाला लागलेली मिरची आईच्या वळणावर जाते. तिखटपणा असतो तो आतल्या पांढऱ्या शिरांत, आणि त्या शिरा आईच्याच. पण मधमाशीने लवंगीचे पराग आणून टाकले असतील, तर आतल्या बियांत दोन्ही घरांचे रक्त उतरते आणि गुण दिसतो तो पुढच्या वर्षी, त्या बियांच्या झाडांवर. म्हणून जवारीचे बी धरायचे असेल तर कळी उमलण्याआधीच मी तिला मलमलीची छोटी पिशवी बांधतो. फळ धरले की पिशवी सोडून देठाला तांबडा दोरा बांधायचा. तांबड्या दोऱ्याची मिरची बियाण्याची. तिला कुणी हात लावायचा नाही.

पण दोऱ्याने फक्त वंश शुद्ध राहतो. पाच झाडांतल्या कुठल्या झाडाचे बी ठेवायचे, हे कोण ठरवणार? आमच्या घरात ते आईचे नाक ठरवत असे. वाळलेली मिरची देठाशी मोडायची, हुंगायची, मग तव्यावर जराशी परतून पुन्हा हुंगायची. "हिच्यात नुसतं भांडण हाय, बोलणं न्हाई," असे म्हणून ती एखादी तिखटजाळ मिरची बाजूला सारी. निवडलेले बी राखेत घोळून पुरचुंडीत जाई.

२०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई आजारी पडली. आजारातून उठली, पण तिचा वास गेला. दूध लागले तरी कळेना, उदबत्ती कळेना, वळवाच्या पावसाने भिजलेली माती कळेना. एके दिवशी फोडणीत मिरची जळली. आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो, तीही खोकली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "ठसका लागला रं, पर वास कुठं गेला?"

तिच्या त्या प्रश्नात सगळे शास्त्र होते. ठसका आणि वास यांच्या वाटाच वेगळ्या. तिखट ही खरे तर चवही नव्हे. ती भाजल्याची जाणीव आहे. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना डिवचते, ते तंतू चटका ओळखणारे आहेत. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये त्यांवरचे ते दार शोधून काढले, जे गरम वस्तूनेही उघडते आणि मिरचीनेही. या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले ते नेमके २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. वर्तमानपत्रातली ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ते दार हाय तसंच हाय म्हणावं. दुसरं कधी उघडणार, ते इचार."

त्या वर्षी जवारीचे बी दोन वर्षांचे झाले होते. घरात ठेवलेले मिरचीचे बी दोन-तीन वर्षांनंतर उगवेलच असे नसते. मी ते पेरले. झाडे चांगली धरली. तांबडे दोरे बांधले गेले. माघात मिरच्या वाळून सुपात आल्या. आणि निवड करायची वेळ आली तेव्हा आई सुपापुढे बसून राहिली. मोडलेली मिरची नाकाशी नेई आणि खाली ठेवी. मी हुंगून सांगू लागलो, तर तिने हात हलवून मला गप्प केले. "तू पुस्तकातलं सांगशील," म्हणाली.

तेवढ्यात आमची लेक पुढे सरकली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिखटाचा घास पानाबाहेर काढणारी. ती एकेक मिरची हुंगून आजीला सांगू लागली : ही शेंगदाणे भाजल्यासारखी. हिला काहीच नाही, नुसते नाक चुरचुरते. ही आपल्या जुन्या ट्रंकेसारखी. आणि ही... ही मामाच्या घरी गूळ करतात ना, तिथल्यासारखी, पण थोडी करपलेली. आई डोळे मिटून ऐकत होती. "गुळावाणी म्हणालीस? परत हुंग." पोरीने परत हुंगले. "हां, तीच," आई म्हणाली, आणि ती मिरची तिने हाताने चाचपून, सालीच्या सुरकुत्या मोजल्यासारख्या करून राखेच्या वाटीशेजारी ठेवली. त्या दुपारी नातीचे नाक आणि आजीची आठवण यांनी मिळून तीन झाडांचे बी निवडले.

आईचा वास पुढे परत आला, पण आला तो हप्त्याहप्त्याने. आधी कांदा कळू लागला, मग रॉकेल, मग बऱ्याच दिवसांनी भाजलेली मिरची. आजही दूध लागलेले तिला कळत नाही. सौभाग्यवती गॅसवर लक्ष ठेवून असतात. त्याबद्दल ती फारशी तक्रार करत नाही. मिरची कळते, एवढ्यावर तिचे भागते.

आता दर माघात सुपापुढे दोघी बसतात. नात मोठी झाली आहे, भाजीतली ज्वाला अजूनही वेचून काढते. पण हुंगण्याच्या कामात तिचा शब्द चालतो. गेल्या खेपेला पाचांपैकी तीन झाडांवर दोघींचे एकमत झाले आणि दोन झाडांवर चांगलेच वाजले. आजीचे म्हणणे एक, नातीचे दुसरे. कुणी मागे हटेना. शेवटी मी दोन वेगळ्या पुरचुंड्या बांधल्या, एकीवर 'आजी' लिहिले, दुसरीवर 'नात', आणि मेअखेर दोन्हींतले बी शेजारशेजारच्या वाफ्यांत टाकले. या दिवाळीत दोन्ही वाफे फुलांवर आहेत. पिशव्या बांधायला दोघींनाही माझा हात हवा आहे. निवाडा मात्र माझ्याकडे कुणी मागितलेला नाही.