बेचिराख

जुन्या महसुली दप्तरांत ज्या गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असे, ते गाव जळालेले असलेच पाहिजे असे नव्हते. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा, अशा दोन फारसी पदांचा हा शब्द मुळात एवढेच सांगतो की गावाला शीव आहे, जमीन आहे, कदाचित भिंतीही उभ्या आहेत, परंतु सांज झाल्यावर तेथे दिवा लावणारे कोणी उरलेले नाही. पुढे मराठी कानाला त्यातील ‘राख’ तेवढी ऐकू येऊ लागली आणि शब्दाचा अर्थ आग व लूट यांच्याकडे सरकला. उजाड जागांविषयीची सर्वसाधारण कल्पनाही याच वाटेने गेलेली दिसते, कारण पडकी भिंत दिसली की ती पाडणाऱ्या शत्रूचा शोध सुरू होतो आणि ती सोडून गेलेल्या रहिवाशाचा विचार मागे पडतो. तो विचार जेथे टाळताच येत नाही अशा जागांमध्ये पणजीच्या पूर्वेस, मांडवीच्या काठी असलेले, एके काळी पोर्तुगीजांची राजधानी असलेले जुने गोवे अग्रभागी ठेवावे लागेल.

सहलीच्या गाड्या येथे बहुधा दोन मोठ्या चर्चपुरत्या थांबतात आणि तेवढ्या वेळात हे स्थळ ‘पाहून होते’. जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायी केलेली फेरी ही निराळी गोष्ट आहे. चांगला वाटाड्या येथे उभ्या इमारतींपेक्षा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांपाशी अधिक रेंगाळतो, आणि त्याची पारख करायची असेल तर तो माडांच्या बागेत थांबून किती बोलू शकतो हे पाहावे. अशी फेरी नदीपासून सुरू होणे योग्य, कारण हे शहर नदीकडे तोंड करून वसले होते आणि हमरस्त्याने येणारा आजचा प्रवासी त्याच्या परसदारातून आत शिरतो. धक्क्यापासून वर जाणाऱ्या वाटेवर जांभ्या दगडाची एक कमान आहे. वास्को द गामाच्या सागरी सफरीला शंभर वर्षे झाली तेव्हा त्याचाच पणतू फ्रान्सिस्को द गामा येथे व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा प्रतिनिधी होता, आणि त्याने ती उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून या कमानीखालून शहरात प्रवेश करी. कमान पुढे ढासळली आणि 1954 मध्ये पुन्हा बांधली गेली, म्हणजे पोर्तुगीज सत्ता जाण्यास अवघी सात वर्षे उरली असताना.

कमानीपासून थोड्याच अंतरावर काळ्या दगडाची एक चौकट काही पायऱ्यांवर एकटीच उभी आहे. ती आदिलशाही वाड्याची चौकट म्हणून ओळखली जाते. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने 1510 च्या आरंभी विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर घेतले, पावसाळ्याच्या तोंडावर गमावले आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, ते पुन्हा जिंकले. जवळच्या भव्य से कॅथेड्रलचे नाव याच संताशी जोडलेले आहे. चौकटीतून पलीकडे पाहिले असता हिरवळ दिसते. दार आहे आणि घर नाही, हे दृश्य येथे दिवसभर वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटत राहते. से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, त्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही. त्याच परिसरात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्ममतांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या न्यायासनाची, इमारत होती. स्थानिक लोक तिला ‘व्हडलें घर’ म्हणजे थोरले घर म्हणत. 1560 मध्ये सुरू झालेले हे न्यायासन 1812 मध्ये कायमचे बंद झाले आणि नंतर ते घरही जमीनदोस्त करण्यात आले. ज्या वास्तूच्या नावाने अडीच शतके माणसे दबकून बोलत असत, तिची एक भिंतही आता दाखवता येत नाही, आणि ही रिकामी जागा या शहरातील सर्वांत बोलका अवशेष आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

याच भागातून शहराचा मुख्य बाजाररस्ता जात असे. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण आर्चबिशपच्या पदरी कारकुनीसाठी 1583 मध्ये गोव्यात आला आणि 1596 मध्ये मायदेशी प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने या बाजाराचे वर्णन आणि चित्र दोन्ही दिले. रोज सकाळी येथे लिलाव होई, त्यात घोडे, कापड व जडजवाहीर यांच्याबरोबर माणसेही विकली जात. पेठेचे वैभव सांगताना हा तपशील गाळला तर माडांखालच्या या शांततेला खोटी गोडी येते. जे येथे विकत आणले गेले त्यांनी शहर सोडले असे म्हणता येत नाही, कारण शहर ‘सोडणे’ हा ज्याला तेथे राहण्याची मोकळीक होती त्याचाच अधिकार.

हे शहर कोणी जाळले नाही. संभाजी महाराजांनी 1683 मध्ये नदीतील सांतु इस्तेव्हांव बेटावरील किल्ला घेतला तेव्हा राजधानीचा थरकाप उडाला, आणि त्यानंतर व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला हलवण्याचे प्रयत्न सुरू केले; तरीही मराठी फौज शहरात शिरली नाही. शहर रिकामे केले ते मुख्यतः आजारांनी. पटकी आणि हिवताप यांच्या साथी दीडशे-दोनशे वर्षे येत राहिल्या. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचे वर्णन केले, आणि युरोपी लेखनात या रोगाला जे ‘मोर्देशी’सारखे नाव पडले ते मराठी-कोकणीतील ‘मोडशी’ याच शब्दाचे रूप आहे. साथींमागे एक कारण पायाखालीच होते. जांभा हा लोहयुक्त, सच्छिद्र दगड, आणि दाट वस्तीचे सांडपाणी त्यातून पाझरून विहिरींत उतरत असे. नदीचा गाळ आणि डचांनी मोडलेला व्यापार यांची त्यात भर पडली. व्हाइसरॉय सतराव्या शतकाच्या अखेरीस शहराबाहेर राहू लागले, 1759 मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात गेले आणि 1843 मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात, 1770 च्या दशकात, लिस्बनच्या हुकमाने जुने शहर पुन्हा वसवण्याचा खटाटोपही झाला, पण कामावरची माणसेच तापाने मरू लागल्यावर तो सोडून द्यावा लागला. एखादे शहर एका घटनेने मरत नाही, ते घराघराने उठत जाते. मराठीत ‘गाव उठले’ असे म्हणतात ते फार नेमके आहे. बसलेले माणूस उठावे तसे गाव उठते आणि जाताना आपले सामान बरोबर नेते.

हे सामान कोठकोठे गेले याचा माग काढण्यासाठी दुपारी टेकडी चढावी लागते. माथ्यावर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा सुमारे 46 मीटर उंचीचा अर्धभग्न मनोरा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या या चर्चला आणि शेजारच्या मठाला 1835 मध्ये कुलूप लागले, कारण पोर्तुगालमधील उदारमतवादी सरकारने पुरुषांच्या सर्व धर्मसंघांना घराबाहेर काढले होते. पुढचे काम पावसाने केले. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवेने तो कठीण होतो, परंतु चुन्याचा गिलावा गेला आणि छप्पर उघडे पडले की कोकणपट्टीतील पाऊस त्याला भोके पाडून पोखरतो. म्हणूनच या मुलखात दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, म्हणजे छपराची कौले उतरवून, साफ करून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात. ऑगस्टीनच्या मठाला शाकारणारे हात 1835 मध्ये निघून गेले आणि अवघ्या सात वर्षांत, 1842 मध्ये, मुख्य छताची कमान खाली आली. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा 1931 मध्ये पडला. दोन शतके टिकलेल्या वास्तूला सात पावसाळे पुरले, ही गोष्ट वाटाड्याने सावकाश सांगावी अशी आहे. येथील बॉम जेजस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा तर विसाव्या शतकाच्या मध्यास मुद्दाम काढून टाकण्यात आला आणि तिचे आजचे तांबडे, ‘प्राचीन’ वाटणारे रूप तेव्हापासूनचे आहे. ती मुळात पांढरी होती. पर्यटकाला जुनेपणाचा रंग म्हणून जो आवडतो तो खरे पाहता उघड्या जखमेचा रंग आहे, आणि तिला पुन्हा गिलावा करावा ही मागणी सर्वस्वी रास्त आहे.

ऑगस्टीनच्या मनोऱ्यातील मोठी घंटा काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती आणि 1871 पासून ती पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये वाजते. जुन्या इमारतींचे घडीव चिरे नव्या राजधानीच्या बांधकामांत गेले, त्यामुळे पणजीच्या कित्येक भिंतींत हे शहर अजून उभे आहे. याहून विलक्षण प्रवास एका राणीच्या अस्थींचा. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म बदलण्यास नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने 1624 मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध झाला, आणि तेथील ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. मठ कोसळला तेव्हा तो ठेवा ढिगाऱ्याखाली गेला. जुन्या पोर्तुगीज लेखनातील खुणांच्या आधारे उत्खनन करून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2004 मध्ये त्या अस्थी शोधल्या, हैदराबादच्या रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि 2021 मध्ये त्यांतील एक भाग जॉर्जियाला अर्पण करण्यात आला. छप्पर नसलेल्या त्या दालनात उभे राहिल्यावर लक्षात येते की या पडक्या मठाकडे जे नेण्यासारखे शेवटचे उरले होते, त्यातलेही काही आता आपल्या गावी गेले.

समोरच सांता मोनिकाचा मठ आहे. जोगिणींसाठी सतराव्या शतकात बांधलेल्या या मठाला 1835 नंतर वेगळा न्याय लागला. आतील जोगिणींना राहू दिले गेले, मात्र नव्या मुलींना दीक्षा देण्याची मनाई झाली. वास्तू रिकामी करण्याचा याहून शांत आणि याहून कठोर मार्ग सुचणे अवघड आहे. दर काही वर्षांनी एक खोली अंधारत गेली असेल, प्रार्थनेतील आवाज एकेकाने कमी होत गेले असतील, आणि 1885 मध्ये शेवटची जोगीण वारली. पन्नास वर्षे चाललेल्या या संध्याकाळचे स्मारक कोठे नाही, परंतु मठाच्या भिंती मात्र धड राहिल्या, कारण अखेरपर्यंत आत कोणीतरी दिवा लावत होते आणि छपराकडे पाहत होते. रस्त्याच्या एका बाजूला सात वर्षांत पडलेले छत आणि दुसऱ्या बाजूला टिकलेली वास्तू, यांच्यातील फरक दगडाचा किंवा कारागिरीचा नाही. बॉम जेजस बॅसिलिकेतील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या दर्शनासाठी साधारणपणे दहा वर्षांनी जेव्हा लाखोंची रीघ लागते आणि 3 डिसेंबरच्या फेस्ताला दर वर्षी मंडप पडतात, तेव्हा हे गाव काही दिवस पुन्हा शहर होते, आणि मग माडांच्या स्वाधीन केले जाते.

दिवस पूर्ण पाहायचा तर दुपार कलताना फेरीबोटीने समोरच्या दिवाडी बेटावर गेले पाहिजे, कारण उठून जाण्याची गोष्ट या काठावर पोर्तुगीजांपासून सुरू झालेली नाही. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर होते. त्यांच्या नाण्यांवर या देवाचे नाव आढळते. सोळाव्या शतकात देवळांवर घाला आला तेव्हा तिसवाडी, बार्देस आणि साष्टीतील माणसांनी आपापले देव पालखीत किंवा पाठीवर घेऊन नदीपलीकडचा, अजून परसत्तेत न गेलेला मुलूख गाठला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. त्या गावांत मागे राहिलेल्या जागा बेचिराख या शब्दाच्या मूळ अर्थाने बेचिराख झाल्या, आणि नव्या जागी पहिल्या संध्याकाळी लावलेला दिवा बहुधा झावळ्यांच्या आडोशात लागला असेल. सप्तकोटेश्वराचे लिंग असेच दिवाडीहून पलीकडे डिचोलीतील नार्व्याला नेले गेले. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला आणि तसा शिलालेख दारावर आहे. बसकी कौलारू छपरे, वर घुमट आणि अंगणात दीपमाळ, म्हणजे दिवे ठेवण्यासाठी अंगभर हात असलेला दगडी स्तंभ, असे हे देऊळ आकाराने लहान आहे. से कॅथेड्रलच्या एका कोपऱ्यात ते सहज मावेल.

नार्व्याचे देऊळ पाहून परतताना फेरीबोट पुन्हा दिवाडीला लागते, आणि सप्तकोटेश्वराच्या मूळ स्थानी जाण्यास ही वेळ बरी असते. संस्कृत ग्रंथांत या बेटाचे नाव दीपवती असे येते. देवळाचे तेथे काही उभे नाही. कोटितीर्थ नावाचे तळे तेवढे आहे, पायऱ्यांचे, चारी बाजूंनी जांभ्याने बांधलेले, आणि त्याच्या भिंतीत ओळीने कोनाडे केलेले आहेत. पावसाळ्यात पाणी वर चढते आणि पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यात ते खाली जाते, दगडावरचे शेवाळ वाळून काळे पडते आणि कोनाडे एकेक करून पुन्हा दिसू लागतात, रिकामे, पणतीच्या मापाचे नसले तरी पणती ठेवता येईल असे.