एच म्हणजे होम

इंजिनिअरिंगची कटऑफ लिस्ट ज्याने एकदा तरी रात्री जागून वाचली आहे, त्याला त्यातली ती विचित्र अक्षरं जन्मात विसरता येत नाहीत. आधी जी किंवा एल, मग ओपन किंवा आपली कॅटेगरी, आणि सगळ्यात शेवटी एकच अक्षर. एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, मराठीत गृह विद्यापीठ. ओ म्हणजे दुसऱ्याचं घर. आणि एस म्हणजे अख्खं राज्य (हा काही मोजक्या कॉलेजांपुढे दिसतो, तिथे सगळे सारखेच पाहुणे).

आता माझी डिग्री होऊन बरीच वर्षं झाली. कटऑफ बघायची माझी हौस केव्हाच फिटली आहे. पण यंदा माझी चुलतबहीण बारावीला आहे, दुधनीला. घरातला एकमेव "कंप्युटरवाला" मी, त्यामुळे सीईटीचा फॉर्म, कॅपच्या फेऱ्या, कागदपत्रं हे सगळं खातं माझ्याकडे आलंय. तर परवा तिने फोनवर विचारलं, "दादा, माझं होम पुणं का नाही? तू तर पुण्यातच राहतोस की!"

प्रश्न भाबडा आहे असं वाटेल. पण मला त्याचं उत्तर द्यायला पाऊण तास लागला, आणि तरी तिचं समाधान झालं नाही. म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, तुमचं होम तुम्ही ठरवत नाही. महाराष्ट्रात शिकलेल्या मुलाने बारावी ज्या गावातून केली, ते गाव ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं ते त्याचं होम. मी २०१६ साली प्रवेश घेतला तेव्हा नेहमीच्या खाजगी कॉलेजांत ७० टक्के जागा होमवाल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असत. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात बारावी केलेला मुलगा पुण्याच्या कॉलेजचा अर्ज भरतो तेव्हा तो त्या ३० मध्ये उभा असतो, आणि त्याच ३० मध्ये लातूर, नांदेड, जळगाव, अमरावती सगळे असतात.

ठीक आहे, ज्याला त्याला आपापलं घर आहे, मग तक्रार कशाची? गंमत अशी की घरं सारख्या आकाराची नाहीत. मुंबई विद्यापीठाचं घर सात जिल्ह्यांचं, पार सिंधुदुर्गापर्यंत. पुण्याचं तीन जिल्ह्यांचं, पुणे, नगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक. या तिघांत इंजिनिअरिंग कॉलेजं किती आहेत हे हिंजवडीच्या कुठल्याही कँटीनमध्ये विचारा. आणि आमचं सोलापूर? एक जिल्हा. राज्यातलं एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ म्हणूनच ते सुरू झालं, १ ऑगस्ट २००४ ला.

त्याआधी आमचं होम मोठं होतं. बाबांची बी.कॉम.ची डिग्री शिवाजी विद्यापीठाची, कोल्हापूरची. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे एकत्र होते. त्याआधी पुणे विद्यापीठ (१९४९), आणि त्याच्याही आधी मुंबई (१८५७). सोलापूरचं दयानंद कॉलेज १९४० चं आहे. ते आहे तिथेच उभं आहे, पण त्याने चार विद्यापीठं पाहिली. घर हललं नाही, पत्ता बदलत गेला.

नकाशावर बघितलं तर दुधनी हे सोलापूर-वाडी रेल्वे लाईनवरचं महाराष्ट्राचं टोक. तुरीची बाजारपेठ, आडत, ट्रक, नगरपालिका, आणि थोडं पुढे गेलं की कर्नाटक सुरू. इथून कोल्हापूर अडीचशे किलोमीटरहून लांब. बाबांच्या वेळी मार्कलिस्टमध्ये नावाची एक वेलांटी चुकली तरी कोल्हापूर गाठावं लागे. जाणं एक दिवस, तिथे एक दिवस, येणं एक दिवस, आणि आडतीवर तीन दिवस कुणीतरी बदली बसवायचा. ते अजूनही "विद्यापीठ" न म्हणता "कोल्हापूर" म्हणतात. मला मात्र कुठलाही कागद लागला तर सकाळच्या गाडीने सोलापूर, तिथून केगाव, आणि संध्याकाळी घरी जेवायला. २००४ ने आम्हाला हे दिलं, आणि ते काही थोडं नाही. ज्या घरातली पहिली मुलगी कॉलेजला जात असते, त्या घरात "एका दिवसात जाऊन येता येतं" या एका वाक्यावर सगळं ठरतं.

पण त्याच वेळी एचचा आकार चार जिल्ह्यांवरून एका जिल्ह्यावर आला. खिडकी जवळ आली आणि घर लहान झालं. दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने, एकाच दिवशी.

आता आमच्या गावाची आणखी एक गंमत सांगतो, जी पुण्यातल्या मित्रांना सांगितली की ते "काहीही काय!" म्हणतात. दुधनीत निम्म्याहून जास्त व्यवहार कन्नडमध्ये चालतात. आमच्या घरी मराठी, पण आडतीवर मीसुद्धा कन्नडच बोलतो. अक्कलकोट तालुका कर्नाटकात जावा अशी शिफारस महाजन आयोगाने १९६७ साली केली होती. महाराष्ट्राने ती मानली नाही, आणि तो वाद अजून सुप्रीम कोर्टात आहे. पण दोन्ही राज्यांच्या प्रवेशाच्या नियमांत तो वाद गुपचूप जाऊन बसलाय. महाराष्ट्राच्या माहितीपुस्तिकेत टाईप ई नावाचा एक प्रकार आहे, सीमाभागातल्या गावांत दहावी-बारावी केलेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी. आणि कर्नाटकच्या सीईटीत बरोब्बर त्याचा आरसा आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना तिकडे अर्ज करता येतो. त्यासाठी कन्नडची एक भाषा परीक्षा द्यावी लागते.

म्हणजे काय झालं बघा. माझ्या वर्गातला, माझ्याच बाकावरचा मित्र, घरात कन्नड बोलणारा, त्याला दोन दारं होती. मला एक. आणि बेळगावात माझ्यासारखाच कुणी मराठी मुलगा असेल, त्याला दोन. दोन सरकारं ज्या जमिनीवर भांडतात तिथल्या पोरांना दोघंही "तू आमचाच" म्हणून जागा राखून ठेवतात. पण फक्त आपल्या भाषेच्या. (माझं कन्नड तसं बरं आहे. पण मातृभाषेच्या रकान्यात "आडतीवरची भाषा" असा पर्याय नव्हता!)

बहिणीला मी हे सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न तयार. "मग हे ठरवतंय कोण?"

आपण आयटीवाले, तर आपल्या भाषेत सांगतो. एका प्रॉडक्टवर पाच टीम आहेत, आणि कस्टमरला वाटतं की सगळं एकच माणूस करतोय. कॉलेजला किती जागा, हे दिल्लीची एआयसीटीई बघते. प्रवेशाची परीक्षा आणि फेऱ्या मुंबईचा सीईटी सेल घेतो, २०१५ च्या कायद्यापासून. खाजगी कॉलेजची फी वेगळं प्राधिकरण ठरवतं. विद्यापीठ कॉलेजला संलग्नता देतं, सिलॅबस आखतं, परीक्षा घेतं आणि डिग्रीवर सही करतं. आणि विद्यापीठाची हद्द, जिच्यावर तो एच उभा आहे, ती राज्याच्या कायद्याला जोडलेल्या एका परिशिष्टात असते. आधी १९९४ चा कायदा होता, आता २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा.

फेऱ्यांचे नियमसुद्धा दरवर्षी वाचावे लागतात. २०२५ साली तीनाच्या चार फेऱ्या झाल्या, आणि नियम असा आला की पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यायचाच, दुसरीत पहिल्या तिनातला मिळाला तर घ्यायचाच, तिसरीत पहिल्या सहातला. म्हणजे "असू दे, वर टाकून बघू" हा आमच्या वेळचा खेळ बंद. दुधनीच्या नेट कॅफेत बसून कुणी दुसऱ्याने पर्याय भरून दिले, तर ती चूक चार वर्षं पुरते.

बरं, विद्यापीठाच्या आत कोण? सगळ्यात वर कुलपती, म्हणजे राज्यपाल. ते कुलगुरू नेमतात, शोध समितीने दिलेल्या नावांतून, पाच वर्षांसाठी. खाली व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळं. आणि या सगळ्यांपेक्षा मोठ्या संख्येने बसणारी अधिसभा, म्हणजे सिनेट. कागदावर हे सगळं फार छान दिसतं. पण वरच्या मंडळींचं एकमेकांशी जमलं नाही तर काय होतं, ते आमच्या २०२० च्या बॅचला विचारा.

मी शेवटच्या सेमिस्टरला होतो. लॉकडाऊन लागला, मी दुधनीत. हातात कँपसमधली ऑफर. मे महिन्यात मंत्री म्हणाले परीक्षा नकोत, राज्यपालांनी त्याला आक्षेप घेणारं पत्र लिहिलं. जूनमध्ये सरकारने परीक्षा रद्द केल्या. जुलैत यूजीसी म्हणाली, घ्याव्याच लागतील. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २८ ऑगस्टला निकाल लागला. राज्य परीक्षा पुढे ढकलायची मुदत मागू शकतं, पण परीक्षेविना अंतिम वर्षाला पास करू शकत नाही. ऑक्टोबरमध्ये मी आडतीच्या गच्चीवर, जिथे मोबाईलच्या दोन काड्या येत होत्या तिथे, पोत्यावर बसून बहुपर्यायी पेपर दिले. खाली तुरीचं वजन चाललेलं. त्या पाच महिन्यांत आई रोज एकच विचारायची, "नोकरी राहील ना रे?" आणि मला उत्तर माहीत नव्हतं. ते ज्यांच्या हातात होतं त्यांच्यापैकी एकालाही मी कधी मत दिलेलं नव्हतं. कॉलेजातल्या विद्यार्थी निवडणुका १९९४ पासून बंद. २०१६ च्या कायद्याने त्यांना दार उघडलं, २०१९ साली त्या होणार होत्या, पण पुढे ढकलल्या गेल्या. माझी चार वर्षं तशीच संपली.

माझ्या पहिल्या वर्षाच्या मार्कलिस्टवर "सोलापूर विद्यापीठ" आहे, आणि डिग्रीवर "पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ". २०१९ साली नाव बदललं. पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीला ही दोन एकच आहेत हे पटवायला मला चार ईमेल लागल्या. असो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. अधिसभेत दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या असतात. त्यातल्या पाच राखीव, अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांच्यासाठी. यांना निवडतात त्या विद्यापीठाचे पदवीधर, म्हणजे तुम्ही आणि मी. फक्त यादीत नाव हवं, आणि ते आपोआप येत नाही, फॉर्म भरावा लागतो. मुंबई विद्यापीठाचं उदाहरण घ्या. सात जिल्हे, दीडशेहून जास्त वर्षांचं विद्यापीठ. तिथली ही निवडणूक रखडत रखडत, कोर्टाच्या पायऱ्या चढून, शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मतदार यादी होती १३ हजारांच्या आसपास. आपल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या एका कँपसमध्ये याहून जास्त लोक जेवतात!

मला माहितेय, दहा माणसांनी एच बदलत नाही. हद्द सरकार ठरवतं, फेऱ्या सेल ठरवतो. पण नवं कॉलेज कुठल्या तालुक्यात निघावं याचा बृहत आराखडा या अधिसभेपुढे येतो, विद्यापीठाचं अंदाजपत्रक येतं, आणि तिथे उभं राहून प्रश्न विचारता येतो. ज्या पक्षांना आणि संस्थाचालकांना हे कळलंय ते याद्या भरून घेतात. आणि आपण पुण्यात, बंगलोरमध्ये बसून "सिस्टिमच बेकार आहे" म्हणतो आणि पुढचा चहा मागवतो.

बहिणीने सोलापूरची तीन कॉलेजं वर ठेवली आहेत आणि पुण्याची सहा खाली. दोन दिवस रडून, भांडून तिनेच ठरवलं. तिसरा पर्याय काकांना आवडलेला नाही, कारण तिथे हॉस्टेल लांब आहे. त्यावर अजून चर्चा चालू आहे. मी डिग्रीची झेरॉक्स काढून ठेवली आहे. नोंदणी पुन्हा सुरू झाली की पदवीधर म्हणून माझा फॉर्म जाईल. त्यातल्या पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं याचा मात्र मला फार विचार करावा लागणार नाही. मुक्काम पोस्ट दुधनी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर.