गाडीचं कूळ आणि गोत्र

जुनी मोटार विकणारा माणूस आणि उपवर मुलाचा मामा हे दोघे एकाच शाळेत शिकलेले असावेत, अशी माझी फार दिवसांची शंका आहे. मामा सांगतो, "मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही." मोटारवाला सांगतो, "एकहाती गाडी, डॉक्टरांची!" महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. ते डॉक्टर ती फक्त रविवारी, फक्त देवदर्शनाला आणि तीही तीसच्या वर न नेता चालवत. बाकीचे सहा दिवस ते पेशंटकडे कशाने जात, हे कुणी सांगत नाही.

मला फियाट हवी होती. तिला आता 'क्लासिक कार' म्हणतात. पण आमच्या लहानपणी ती नुसती फियाट होती आणि ती दुसऱ्यांच्या दारात उभी असे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९५४ पासून 'अकराशे' बाहेर पडू लागली. तिच्या गुबगुबीत अंगावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' केलं. १९६४ साली डिलाइट आली. पुढच्या दशकात तिचीच प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. एका जन्मात इतकी नावं बदलूनही इंजिन आपलं तेच, १०८९ सीसीचं. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी गेली. त्याबरोबर, जन्मभर तिच्या दाराला लाथ मारून दार लावणाऱ्यांनाही तिच्या आठवणीने उमाळे येऊ लागले. उमाळे आले की भाव चढतात, हे विकणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

पैसे निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतले होते. हिने मुदतठेव मोडायला एका अटीवर परवानगी दिली : "गाडी कुठलीही आणा, पण ती तीच असली पाहिजे."

वाक्य वेदान्तातलं वाटलं, तरी जुन्या मोटारींच्या बाबतीत ते अगदी व्यवहारातलं आहे. आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी मला ते फोड करून सांगितलं.

"साहेब, गाडीचं सगळं बदलता येतं. रंग, सीट, काचा, दरवाजे. म्हणून तोंडाकडे बघायचं नाही, नंबराकडे बघायचं. चेसिसचा नंबर एक, इंजिनाचा नंबर दोन, आणि हे दोन्ही आर.सी. पुस्तकात. तिन्ही ठिकाणी जुळलं तर पुढचं बोलायचं."

"मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की सगळं कळतं म्हणे."

"नव्या गाडीचं कळतं. जुन्यांच्या सगळ्या नोंदी कुठे चढल्यात संगणकावर?"

तेव्हा आम्ही निघालो. उस्तादांच्या पिशवीत कोरे कागद, पेन्सिल, बॅटरी आणि लोहचुंबक. माझ्या पिशवीत हिने दिलेले पोळीचे रोल.

पहिली गाडी पद्मिनी होती. अर्थातच एकहाती, डॉक्टरांची. रंग पांढरा, दुधासारखा. उस्तादांनी लोहचुंबक दारावर टेकवलं; ते घरंगळून खाली पडलं. "पत्रा कमी, लांबी जास्त," ते म्हणाले. खड्डे बुजवायला रंगारी जी लांबी भरतात, तिला लोहचुंबक ओळख देत नाही. मग त्यांनी टपाजवळचं रबर नखाने जरासं उचललं. आत पिवळाधमक रंग. बॉनेटच्या आतल्या कडेला काळा.

"डॉक्टर टॅक्सी चालवायचे का हो?" उस्तादांनी अगदी सभ्यपणे विचारलं. मालकांना तेवढ्यात फोन आला.

दुसरी गाडी १९५८ सालची डुक्कर फियाट म्हणून दाखवण्यात आली. त्या डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या कडेला असल्याने पुढच्या कडेने उघडतात. हिचे सरळ उघडले. "त्या काळी गिऱ्हाइकाच्या पसंतीने करून देत," मालक म्हणाले. त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गिऱ्हाइकाची पसंती विचारणारा कारखाना मला तर त्या काळात आठवत नाही. उस्तादांनी बॉनेट उघडून बॅटरी मारली. भोवतालचा पत्रा गंजून तांबूस झालेला, आणि चेसिस नंबरापुरती बोटभर जागा घासून लख्ख. आकडेही ओळीत नव्हते. सहलीला निघालेल्या शाळेच्या पोरांसारखे कुणी पुढे, कुणी मागे.

"गाडी साठीच्या पुढची," बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाले, "आणि नंबराचं बारसं कालचं." अशी गाडी चोरीची निघाली तर गाडी पोलीस नेतात आणि आपल्याकडे फक्त पावती उरते, हेही त्यांनी वाटेत सांगितलं. हिची अट मला तेव्हा खरी समजली.

तिसरी गाडी मिरजेला होती. १९६७ ची डिलाइट, आणि आश्चर्य म्हणजे डॉक्टरांची नव्हे, वकिलांची. वकीलसाहेबांना जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. काकू एकट्याच. लोहचुंबक दाराला असं घट्ट चिकटलं, की जसं माहेरी आलेलं. उस्तादांनी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले, पुस्तकाशी जुळले. मग इंजिनाचा नंबर घेतला. पुस्तकातल्या पहिल्या पानाशी ताडून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"काकू, इंजिन दुसरं आहे."

"हो, आहे ना," काकू शांतपणे म्हणाल्या. "एकोणऐंशी साली खंबाटकीच्या घाटात जाम झालं. यांनी पुण्याला दुसरं बसवून घेतलं."

"मग ही... म्हणजे मूळची गाडी नाही म्हणायची."

काकूंचा चेहरा बदलला. आवाज मात्र चढला नाही.

"असं कसं? यांच्या छातीत अठ्ठ्याण्णव साली मशीन बसवलं, पेसमेकर. त्यानंतर बारा वर्षं त्यावर चालले. मग ते काय मूळचे राहिले नव्हते?"

मी पोळीच्या रोलच्या पिशवीकडे पाहू लागलो. उस्ताद मात्र धंद्याला जागणारे. ते हलक्या आवाजात म्हणाले, "तसं नाही काकू. पण त्या मशीनला पण नंबर असतो. त्याचं कार्ड मिळतं."

"आहे की!"

काकू आत जाऊन बोंदाने बांधलेली एक फाइल घेऊन आल्या. वरच पेसमेकरचं कार्ड : नाव, तारीख, मशीनचा नंबर. त्याच्याखाली १९७९ चं इंजिनाचं बिल, इंजिनाच्या नंबरासकट. बिलाच्या कोपऱ्यात वकिली अक्षरात लिहिलेलं : 'आर.टी.ओ. नोंद केली. पुस्तक, मागील पान.' इंजिन बदललं की तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि ती किती जण करतात हे उस्तादांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मागची दोन पानं दमटपणाने एकमेकांना चिकटलेली. काकूंनी चहा आणला होता. कपाच्या वाफेवर धरून ती पानं हळूहळू सोडवली. आत निळा शिक्का, सही आणि तोच नंबर.

उस्तादांनी पुस्तक मिटून दोन्ही हातांनी काकूंना परत दिलं. देवळात प्रसाद परत करतात... छे, प्रसाद कुणी परत करत नाही. पोथी परत करतात तसं.

परतताना ते म्हणाले, "साहेब, जुळणारा खोटा नंबर बघितला आणि न जुळणारा खरा नंबर पण बघितला. गाडीत बदल होणारच. तो का झाला, ते सांगणारं कुणी पाहिजे."

पुढचं सगळं कागदोपत्री पार पडलं. बँकेचा बोजा नाही, याचा दाखला त्याच फाइलीत निघाला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आली आहे; पण ती केली तर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. हिला भाजी आणायला गाडी हवी होती. म्हणून आम्ही ती नोंदणी केली नाही. जुना तीन अक्षरी नंबर तसाच राहिला.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी काकूंनी किल्ली दिली, पुस्तक दिलं, फाइल दिली. मग फाइल पुन्हा मागून घेतली आणि वरचं कार्ड अलगद काढून घेतलं.

"एवढं माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "ओरिजिनल आहे."