‘ग्लॅड’ शब्दाचें मराठी

इंग्रजींतील ‘ग्लॅड’ ह्या विशेषणाचा अर्थ आपले विद्यार्थी ‘आनंदित’ असा पाठ करतात. कोशदृष्ट्या त्यांत वावगें कांहींच नाहीं; परंतु तेवढ्यानें त्या शब्दाचा स्वभाव कळत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्राचीन इंग्रजींत हा शब्द ‘तेजस्वी, चकचकीत’ ह्या अर्थींही चाले. त्याचाच जर्मन भाऊबंद ‘ग्लाट’ म्हणजे गुळगुळीत. वस्तूवरची तकाकी अशी माणसाच्या मुखावर आली. आपल्या ‘प्रसन्न’ शब्दाचा प्रवासही ह्याच जातीचा. प्रसन्न जल म्हणजे गाळ तळीं बसून निवळलेलें पाणी. तोच शब्द निवळलेल्या मनासही लागतो.

आतां उपयोग पाहूं. ‘हॅपी’ हा शब्द दैव ह्या अर्थाच्या ‘हॅप’ शब्दावरून आला व तो मुख्यतः मनुष्याची स्थिति सांगतो. म्हणून ‘हॅपी मॅन’ म्हणतात. ‘ग्लॅड मॅन’ सहसा म्हणत नाहींत. ‘ग्लॅड टायडिंग्ज’सारखे जुने प्रयोग सोडल्यास ‘ग्लॅड’ हें बहुधा विधिविशेषण असतें, आणि त्यास कांहीं निमित्त लागतें. कोणी आलें, कांहीं कळलें, एखादें संकट टळलें. ‘आय ॲम ग्लॅड यू केम’ ह्याचें ‘आपल्या आगमनानें मी आनंदित झालों आहें’ हें भाषांतर व्याकरणशुद्ध खरें, पण तसें बोलतो कोण? खरें मराठी एवढेंच कीं, ‘आलांत, बरें वाटलें.’

एलिनॉर पोर्टर ह्या अमेरिकन लेखिकेच्या १९१३ सालच्या ‘पॉलिॲना’ कादंबरींत मुलीस बाहुली हवी असते, आणि दानाच्या पेटींतून निघतात कुबड्या! तिचा बाप तिला शिकवितो कीं, ह्यांची आपणांस गरज नाहीं, ह्यांतच बरें मानावें. ‘ग्लॅड’ होण्यास निमित्त एवढेंसेंही पुरतें.

इंग्रजांच्या तोंडीं हा शब्द पुष्कळदां निव्वळ शिष्टाचार असतो. कचेरीच्या पत्रांत तर ‘आय शॅल बी ग्लॅड इफ’ म्हणजे सौम्य ताकीदच! उलट आमच्या घरांतून भावना असते, पण शब्द ओठांबाहेर पडत नाहीं. सून माहेराहून परतली म्हणजे सासूस मनांतून बरें वाटतें. पण ती विचारते मात्र, गाडीला एवढा उशीर कां झाला? मुलगा परगांवाहून येतो, तर वडील त्याच्या खर्चाचा हिशेब काढतात. मनांतलें ओळखून घ्यावें, असें आपण म्हणतों. पण नव्यानें घरांत आलेल्या मुलीनें तें कशावरून ओळखावें? वडीलधाऱ्यांनीं ‘बरें वाटलें’ एवढे दोन शब्द वेळेवर उच्चारावेत. त्यांस खर्च नाहीं, आणि त्यांसाठीं इंग्रजीही शिकावें लागत नाहीं.