बोध नको, चक्रावलात कशाने ते सांगा

पोस्ट मोठी आहे. गावातल्या वाचनालयाबद्दल आहे आणि येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जो विषय येणार आहे त्याबद्दलही आहे. गावकऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. बाहेरगावच्या मित्रांनीही वाचा, कारण तुमच्याकडेही हेच चाललं असेल.

आपल्याकडे पोराने पुस्तक वाचलं की मोठी माणसं एकच प्रश्न विचारतात, "काय बोध घेतलास?" मग पोरगं ठरलेलं उत्तर देतं. कष्टाला पर्याय नाही. परिस्थितीवर मात करता येते. नेहमी खरं बोलावं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात माइकवरून हीच वाक्यं ऐकू येतात. पुस्तक कोणतंही असो, बोध तोच. खरं सांगायचं तर तो पुस्तक न उघडताही देता येतो.

म्हणून दीड वर्षापूर्वी वाचनालयात मुलांची शनिवारची बैठक सुरू केली तेव्हा आम्ही दोनच नियम ठेवले. पहिला, पुस्तक खऱ्या गोष्टींचं हवं. चरित्र, आत्मचरित्र, इतिहास, विज्ञान, प्रवास, काहीही. (कथा-कादंबऱ्यांशी वैर नाही, त्या मुलं घरी नेतातच.) दुसरा, बोध सांगायचा नाही. वाचताना कुठे थांबलात, कशाने चक्रावलात, तेवढंच सांगायचं. सातवी ते नववीची पंधरा-वीस मुलं येतात. जिल्हा बुलडाणा, गाव सोयाबीनचं, एवढी माहिती पुढचं समजायला पुरे. मुलांची नावं मुद्दाम देत नाही.

आता या मुलांनी काय काय सांगितलं ते ऐका.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी अनेकांनी वाचलंय. १९८१ पासून महाराष्ट्रात ते घरोघरी आहे. त्याचा बोध सगळ्यांना पाठ आहे. आठवीतली एक मुलगी मात्र पहिल्या काही पानांवरच अडकली होती. गुलामांची चोरी करणाऱ्या टोळीने तान्ह्या जॉर्जला आणि त्याच्या आईला पळवलं. आई सापडलीच नाही. मालकाने घोडा देऊन बाळ परत मिळवलं. ती म्हणाली, "काका, माणसाच्या बदल्यात घोडा देता येतो, म्हणजे दोघांची किंमत कुठंतरी लिहिलेली असेल ना?" खोलीत कोणी काही बोललं नाही. गुलामगिरी म्हणजे काय हे त्या एका प्रश्नात आलं. इतिहासाच्या पुस्तकातली व्याख्या तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण ती तिला त्या दिवशी कळली.

नववीतल्या एका मुलाचं आश्चर्य वेगळं. कापसाने जमिनीचा कस जातो आणि भुईमुगासारखं शेंगांचं पीक तो भरून काढतं, हे वाचून तो थेट शेतात गेला आणि सोयाबीनचं झाड उपटून घेऊन आला. मुळांवरच्या गाठी आम्ही ब्लेडने कापल्या. आतून गुलाबी निघाल्या. गाठ आतून गुलाबी असेल तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देण्याचं काम करत आहेत असं समजायचं. "म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायला पाकीट आणतात ते यांचंच?" हो, त्यांचंच. रायझोबियम. त्याचे आजोबा संध्याकाळी पारावर भेटले, म्हणाले, "गाठी त आम्ही लहानपणापासून पाहतो बावा. पण त्या कायच्या हायेत हे कोनी सांगतलंच नाही." सत्तर वर्षं शेती केलेल्या माणसाला नातवाने सांगितलं. कुठून, तर वाचनालयातल्या कपाटातून.

आणखी एक गंमत. कार्व्हरने पीनट बटर शोधलं, असं एका मुलाने मोबाइलवर पाहिलेलं. शोधाशोध केली तर निघालं की शेंगदाण्याच्या अशा लगद्याचं पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्येच घेतलं होतं. कार्व्हरने १९१६ मध्ये शेंगदाणे खायच्या १०५ कृतींची पुस्तिका काढली होती. तेव्हा मुलगा म्हणाला, "मग मोबाइलवाल्यानं काहून सांगतलं तसं?" हा 'काहून' मला फार मोलाचा वाटतो.

विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' सातवीच्या मुलाला थोडं जड गेलं. भाषा जुनी. पण त्याने सांगितलेलं ऐकून सगळे हसले. "काका, हा माणूस लढायला गेलाच नव्हता! दक्षिणा मिळवायला गेला होता!" बरोबर. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी घरावर कर्ज होतं म्हणून १८५७ मध्ये निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं होतं. मध्येच बंड पेटलं, आणि इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हा माणूस झाशीत होता. म्हणजे झाशीची हकिकत आपल्याला सांगणारा माणूस पैशाच्या विवंचनेत घराबाहेर पडलेला एक साधा भिक्षुक. त्या मुलाच्या डोक्यात तोवर इतिहास म्हणजे राजे आणि सनावळ्या होत्या. त्याचे वडील सुरतला कामाला असतात. कर्जासाठी घर सोडणं त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हसणं थांबल्यावर एकीने विचारलं, "त्यांनी हे लिहिलं कधी?" साधारण १८८३ च्या सुमारास. म्हणजे पंचवीस वर्षांनी. "मग सगळं आठवलं कसं?" यावर अर्धा तास चर्चा झाली. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांनी. त्यांनी छापताना मजकुरात फेरफार केले होते आणि मूळ हस्तलिखितावरून प्रत पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी काढली, हेही मुलांना सांगितलं. पुस्तकाच्या मागेसुद्धा माणसं असतात, आठवण चुकू शकते, संपादक हात फिरवू शकतो, हे मुलांनी बारा-तेराव्या वर्षी समजून घेतलं. पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच, असं त्यातली काही मुलं आता म्हणत नाहीत. मला हे वाचनाचं अपयश वाटत नाही. उलट वाचन इथून सुरू होतं.

ताराबाई शिंदे आपल्याच जिल्ह्यातल्या, बुलडाण्याच्या. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला चालला, शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर ताशेरे ओढले गेले, त्याला ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. नववीच्या मुली काय बोलतील याची मला उत्सुकता होती. मला वाटलं होतं त्या ताराबाईंच्या धाडसाबद्दल बोलतील. एक बोलली ते भलतंच. "काका, हे पुस्तक मधी हरवलं होतं म्हणे?" प्रस्तावना तिने वाचली होती, जी आपण मोठी माणसं सोडून देतो. खरं आहे. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून आणेपर्यंत बहुतेकांना ते माहीतच नव्हतं. त्र्याण्णव वर्षं. "बंदी होती का?" नाही. "जाळलं होतं?" नाही. "मग हरवलं कसं?" कोणी पुन्हा छापलं नाही, कोणी मागितलं नाही, एवढंच. पुस्तक नाहीसं व्हायला दुश्मन लागत नाही, हे त्या मुलीला त्या दिवशी समजलं. आपल्या गावाला समजतं का, ते २ ऑक्टोबरला कळेल.

त्याच ओघात मुक्ता साळवेंचा विषय निघाला. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजाची मुलगी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या मुलांना धक्का बसला तो वयाचा. आपल्याएवढी मुलगी, शाळेत जाऊन तीनच वर्षं झालेली, आणि छापील कागदावर मोठ्या माणसांना जाब विचारते! त्यांना निबंध म्हणजे 'माझा आवडता ऋतू' किंवा 'मी पंतप्रधान झालो तर' एवढंच माहीत. पुढच्या शनिवारी दोन मुलींनी स्वतःहून लिहून आणलं. एकीचा विषय गावातल्या मुलींच्या शौचालयाला कडी नसणं. दुसरीचा, आठवीनंतर एसटीची वेळ जमत नाही म्हणून शाळा सोडलेल्या तिच्या दोन मैत्रिणी. बोध कुठेच नव्हता. नुसती माहिती होती, आणि ती खरी होती. कडी पंधरा दिवसांत बसली. एसटीचा अर्ज अजून फिरतोय.

शेवटचं उदाहरण लोणारचं. आपल्यापासून तासाभरावर. एका मुलाने दोन पुस्तकं वाचली आणि वैतागून आला. एकात लोणारचं विवर पन्नास हजार वर्षांपूर्वीचं, दुसऱ्यात साडेपाच लाखांच्या वर. "यातलं खोटं कोण?" खोटं कोणीच नाही. आधीच्या पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं येत होतं. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार आलं. मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदलू शकतं, आणि शास्त्रज्ञ ते उघडपणे मांडतात. त्या मुलाला वाटायचं, विज्ञान म्हणजे एकदा ठरलेलं उत्तर.

लोणारवरूनच दुसरी गोष्ट निघाली. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय ना? त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं! चमत्कार, अपशकुन, करोनाचं लक्षण. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. मुलांनी तेव्हाचे मेसेज घरच्यांच्या फोनमध्ये शोधून काढले आणि शनिवारी मोठ्याने वाचून दाखवले. जाम हसलो. पण पाठवणाऱ्यांत गावातली शिकलेली माणसं बरीच होती, हे मुलांच्याही लक्षात आलं.

इथे माझा मुद्दा आहे. 'मुलं वाचत नाहीत, मोबाइलवर असतात' ही तक्रार मी रोज ऐकतो. चकित व्हायला मुलांना आवडतं, म्हणून ती मोबाइलवर असतात. रील दर तीस सेकंदांनी चकित करते. पण ते आश्चर्य पुढे कुठे जात नाही. 'बाप रे' म्हणायचं आणि बोट वर सरकवायचं. पुस्तकातलं आश्चर्य अडवून ठेवतं. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कशावरून सांगितलं, हे मागे जाऊन बघता येतं, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघता येतं. 'कशावरून?' विचारायची सवय ज्या पोराला लागली, त्याला उद्या निवडणुकीत, बियाण्याच्या दुकानात, दामदुप्पट योजनेच्या एजंटापुढे कोणी सहज गंडवू शकणार नाही. एका पालकांनी माझ्याकडे तक्रार केली, "पोरगं हल्ली उलटं बोलते, परतेक गोष्टीत पुरावा मांगते." मी त्यांना म्हटलं, भाऊ, पेढे वाटा.

आता ग्रामसभा. प्रस्ताव असा आहे की वाचनालयाची खोली पूर्णवेळ अभ्यासिका करायची आणि पुस्तकांची कपाटं समाजमंदिरामागच्या खोलीत हलवायची. त्या खोलीचं छत गळतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी आपली पोरं दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या आवाजात कशी अभ्यास करतात हे मी बघतो. त्यांना जागा मिळालीच पाहिजे, लाइट मिळाली पाहिजे, पंखा मिळाला पाहिजे. पण 'ही पुस्तकं परीक्षेत येत नाहीत' हे जे कारण सांगितलं जातंय, ते मला मान्य नाही. परीक्षेत न येणारं आयुष्य बरंच मोठं असतं.

शिवाय व्यवहाराची गोष्ट. आपलं वाचनालय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं आहे. अनुदान तुटपुंजं असतं, उशिरा येतं, सगळं खरं. पण ते पुस्तकं, देवघेवीची नोंद आणि वाचक यांच्या जोरावर येतं. कपाटं गळक्या खोलीत गेली तर देवघेव थांबेल, आणि तपासणीला कोणी आलं तर दाखवायचं काय?

माझ्या सूचना साध्या आहेत.

कपाटं भिंतीलगत आहेत तिथेच राहू द्या. मध्ये टेबलं लावा, सोळा जण आरामात बसतील, आम्ही मोजून पाहिलंय.

पहाटे पाच ते दुपारी चार आणि रात्री सात ते अकरा अभ्यासिका. संध्याकाळी चार ते सात देवघेव. शनिवारचे चार ते सहा मुलांचे.

भरतीच्या पोरांपैकी दोघांनी आळीपाळीने देवघेवीची वही सांभाळावी. त्यांच्याशी बोलणं झालंय, ती तयार आहेत. त्यातल्या एकाने तर परवा 'माझा प्रवास' घरी नेलंय.

ग्रामसभेला या. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि मग चार माणसं ठरवतात, हे दरवेळचं आहे. बायांनी तर नक्की या. ज्यांची मुलं शनिवारी येतात त्यांनी त्यांनाही सोबत आणा. मतदान त्यांना करता येणार नाही, पण विचारायला कोणी अडवत नाही, आणि विचारतील ती पोरं.

तोवर एक करा. आज जेवताना पोराला अभ्यास झाला का, किती मार्क पडले, हे विचारू नका. काय वाचून चक्रावलास ते विचारा. 'काहीच नाही' म्हणाला तर ओरडू नका. शनिवारी चार वाजता पाठवून द्या.

दार उघडं असतं. निदान २ ऑक्टोबरपर्यंत तरी.