अण्णाची ॲसिडिटी

आमच्या घरात ॲसिडिटी हा आजार नव्हताच, स्वभाव होता. थोरला भाऊ अण्णा अंबरनाथला कारखान्यात पाळ्या करायचा. खिशात एक वेळ पास नसेल, पण गोळ्यांची पट्टी हमखास. 2009 साली घास उतरेना, वजन झरझर घटलं, तेव्हा कुठे दुर्बीण घातली. जठराचा कर्करोग. बदलापूर ते परळचं टाटा, सात महिने फेऱ्या केल्या. मग त्या थांबल्या.

सगळं खापर आम्ही मिसळीवर आणि रात्रपाळीवर फोडलं.

यंदा माझ्याच पोटात जळजळ सुरू झाली. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी अण्णाचं ऐकलं आणि लगेच दुर्बीण सांगितली. अस्तराचा कणभर तुकडा पिवळ्या द्रावात टाकला, तो गुलाबी झाला. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी! हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्याच्या आडोशाने जठराच्या आम्लात तगतो. आणि तोच अमोनिया त्याची चुगली करतो.

मी मराठीचा बी.ए., पण घरी येऊन वाचत बसलो. पर्थला वॉरन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये हा जंतू वाढवला, तोही ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून. कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच जंतू प्यायले आणि जठराला सूज आणवून घेतली. (असा विद्यार्थी वर्गात असता तर मी बाकावर उभा केला असता.) 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे अण्णा गोळ्या चघळत होता त्या काळात हे सगळं माहीत झालेलं होतं.

घाबरण्याचं कारण नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हा असतो, बहुतेकांना काही होत नाही. पण तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. अण्णा आणि मी एका ताटात जेवायचो. कोणी कोणाला दिला, कोण जाणे.

चौदा दिवस दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी घेतली. तोंड कडूजहर. चांगले जंतूही त्यात मरतात, म्हणून पोट बिघडलं. ताकभातावर दिवस काढले. दहाव्या दिवशी सोडून द्यावंसं वाटलं, पण अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्यानंतर फेरतपासणी झाली. जंतू गेला होता.

त्याच संध्याकाळी अण्णाच्या मुलाकडे अंबरनाथला गेलो. म्हटलं, तूही तपासून घे. तो हसला. "काका, मला काय झालंय? जरा ॲसिडिटी आहे, बस." आणि खिशातून पट्टी काढली.

येत्या सोमवारी आमची दोघांची वेळ घेऊन ठेवली आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.